रांगेतलं पान

रात्रपाळीला मी एकटीच. बाहेर उणे एकतीस.
नदी आतून तडकते तिचा आवाज
अधूनमधून भिंतीतून येतो, बाकी नुसते पंखे.
हीच ती इमारत. इथे माझ्या बापानं
अडतीस वर्षं कागदाच्या लगद्यात काढली.
गंधकाचा वास अंगावर घेऊन घरी यायचा,
आई म्हणायची, आधी अंघोळ, मग गप्पा.
गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली,
रिकाम्या दालनात ही काळी कपाटं आली.
यांना कसलाच वास नाही.

माझं काम रांग बघायचं.
जगभरातले लोक आपापलं ओझं इथे आणून टाकतात,
पैसे पडत नाहीत, फक्त नंबर लावायचा.
आत्ता पुढे ट्रोम्सोचे साल्मन मासे,
त्यांच्यामागे वाल्पराइसोतल्या एका मुलाचं रक्त,
मग गहू, मग कुठल्याशा गुहेतला दात.
वशिला चालत नाही.
माणसं दिसतच नाहीत मला, दिसतात ती कामांची नावं:
कसावा_शेवटचं
कसावा_शेवटचं_२
कसावा_आता_खरंच_शेवटचं

हे नकालेमाचं, एंटेबीच्या बाजूचं.
चार वेळा आपटलेलं.
दर वेळी अकरा तास रांगेत
आणि नंबर लागला की चौथ्या मिनिटाला खलास.
यात मी पडायचं नसतं. पडले.
नोंदवही उघडली तर फाइलीचं नाव 'पान १७',
आणि मध्ये एक मोकळी जागा.
यंत्राला वाटलं फाइली दोन:
एक 'पान', एक '१७'. दोन्ही कुठेच नाहीत.

लिहिलं: मधली जागा काढा.
आणि मेमरी दुप्पट मागा, संकोच करू नका, ती सगळ्यांचीच आहे.

तीन वाजता उत्तर आलं, तिच्याकडे चार:
'वीज गेलीय, फोनवरून लिहितेय.
सतरावं पान माझ्या मावशीच्या शेतातलं.
आवळलेल्या मुठीसारखं झालंय,
पांढऱ्या माश्या बसून गेल्यात,
खाली कंद बोटाएवढेसुद्धा नाहीत.
विषाणू जुनाच की नवा, ते कळायला हवं.
मार्चला लागवड आहे. लोक कांड्या मागायला येतील,
कुठल्या द्यायच्या?'

कसावा मी कधी पाहिला नाही.
फोटो शोधला. निरोगी पान
उघड्या पंजासारखं दिसतं.

तिचं काम पुन्हा रांगेच्या शेपटाला.
वाटलं, द्यावं पुढे सरकवून,
बोट कळीवर गेलंही.
पण पुढे ते मुलाचं रक्त होतं.
कॉफी ओतून घेतली, बसून राहिले.

दुसऱ्या रात्री नंबर लागला.
दीडशे-दीडशे अक्षरांच्या कोट्यवधी चिंध्या,
ए, सी, जी, टी, परत टी,
कुठलं टोक कुठल्या टोकाशी जुळतं ते बघत
कपाटं त्यातून एक सलग मजकूर शिवायला बसली.
बाप चिंध्या भिजवून, कुटून कोरं पान करायचा.
इथे उलटंच, लिहिलेलं शाबूत हवं.
चौथं मिनिट गेलं.
पाचवं गेलं.
मी उगाच उभी राहिले.

काय निघालं ते मला माहीत नाही.
हिरवी खूण आली, ओळ पुसली गेली,
तासाभरानं रांगेच्या तळाला नवी:
कसावा_पान१८.
जागा न सोडता लिहिलेलं.

या कपाटांची धग पाण्यातून गावात जाते,
शाळेत, पोहण्याच्या तलावात,
आणि म्हाताऱ्यांच्या त्या पिवळ्या घरात,
जिथे बाप खिडकीशी बसतो.
सकाळी गेले. लोखंडी पन्हाळीवर हात ठेवून होता.
'चांगली तापलीय,' म्हणाला. 'काय शिजतंय?'
'कसावा.'
थोडा वेळ तो विचारात.
'हे कसलं लाकूड? पाइन की बर्च?'
'लाकूड नाही, बाबा, झुडूप आहे.
पान हाताएवढं.'
त्यानं हात उचलला, पाहिला,
बोटं पसरून
परत तिथेच ठेवला.